३०१८ सीएनसी : ७७५ काढून कोणती स्पिंडल बसवावी?

रेघोट्या · शनिवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय. सांभाळून घ्या.

माझ्याकडे दीड वर्षापासून ३०१८ आहे, म्हणजे संगणकाच्या आज्ञांवर कोरणारं-कापणारं छोटं सीएनसी. नेहमीचंच मशीन. ३०० बाय १८० मिमीचं काम, सरकवायला नेमा १७ स्टेपर मोटरी, जीआरबीएल (मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) असलेला कंट्रोलर आणि स्पिंडल, म्हणजे कटर फिरवणारी मोटर, २४ व्होल्टची ७७५. मोटरच्या ५ मिमी शाफ्टवर ईआर ११ कोलेटचं (कटर पकडणाऱ्या चिमट्याचं) एक्स्टेंशन. लाकडी नावाच्या पाट्या, ॲक्रिलिक, अधूनमधून पीसीबी (सर्किट बोर्ड) असं काम चालतं. लाकडाबद्दल तक्रार नाही. पीसीबी कधी सुबक येतात, कधी बारीक ट्रॅक चक्क गायब.

मागच्या आठवड्यात हौस म्हणून २ मिमी ॲल्युमिनियमच्या पत्र्यातून छोटी ब्रॅकेट कापायला घेतली. दोन फेऱ्या नीट झाल्या. तिसऱ्या फेरीला मशीन असं किंचाळलं की बायको आतल्या खोलीतून धावत आली. कटर काढून पाहिला तर त्याच्या खोबणीत ॲल्युमिनियम वितळून बसलंय आणि कापलेल्या कडेला कंगव्यासारखे दात पडलेत. दुसरा कटर लावला, तो मोडलाच. मोटरीत दम नाही, हे उघड आहे.

शोधाशोध करून चार पर्याय हाती आलेत. ५०० वॅटची ब्रशवाली, ५२ मिमी जाडीची, १२,००० आरपीएम. ४८ व्होल्टची ४०० वॅट ब्रशलेस, तिचाही वेग १२,०००. ६५ मिमीचा ट्रिम राउटर, म्हणजे मकिटा आरटी ०७०० वगैरे. आणि ८०० वॅटची वॉटर कूल्ड, व्हीएफडीवर (विजेची फ्रीक्वेन्सी बदलून वेग ठरवणाऱ्या यंत्रावर) चालणारी, २४,००० आरपीएम. माझं मन शेवटचीवर बसलंय. एकदाच काय तो खर्च करावा आणि मोकळं व्हावं. घेऊ का?

भुसकट · शनिवार, रात्री १०:३१

८०० वॅट, वॉटर कूल्ड. डोळे मिटून घ्या. मी वर्षभर वापरतोय, एकदाही पस्तावलो नाही. आता छोटी घेतलीत तर सहा महिन्यांनी हाच धागा पुन्हा वर काढाल.

जुना लेथ · रविवार, सकाळी ६:०५

मोटर बदलायच्या आधी तीन मापं घ्या. अर्ध्या तासाचं काम आहे.

पहिलं रनआउट. मोडलेल्या कार्बाइड कटरची मागची दांडी फेकली नसेल तर ती शोधा, ती सरळ असते. कोलेटमध्ये धरून नटाखाली १५-२० मिमी बाहेर ठेवा. ०.०१ मिमीचा डायल (बारीक हालचाल मोजणारं काट्याचं यंत्र) तिला टेकवा आणि वीज बंद करून स्पिंडल हाताने सावकाश एक फेरा फिरवा. काटा सगळ्यात वर कुठे गेला आणि सगळ्यात खाली कुठे, त्यातलं अंतर लिहा. चालत्या मोटरला डायल लावू नका, डायलचं वाटोळं होईल. आणि मॅग्नेटिक बेस ॲल्युमिनियमच्या बेडला चिकटत नाही. बेडच्या खाचेत टी-नट घालून लोखंडी पट्टी आवळा आणि बेस तिच्यावर बसवा.

दुसरं ताठरपणा. बॅगा तोलायचा हुकाचा काटा घ्या. कोलेटच्या नटाला दोरी बांधा, स्टेपर लॉक ठेवा आणि दोन किलोचा ताण द्या. एकदा डावी-उजवीकडे, एकदा पुढे-मागे. नट किती सरकला ते डायलवर वाचा.

तिसरं फुकटचं. शाफ्ट खालून बोटाने वर ढकला, सोडा. टकटक करतो का?

आकडे टाका, मग बोलू. ८०० वॅट कुठे पळून जात नाही.

सोल्डरवाली · रविवार, सकाळी ९:२०

जुना लेथ यांना अनुमोदन. पीसीबीचे ट्रॅक गायब होतात म्हणताय ना, त्यात वॅटचा काही संबंध नाही. तांब्याचा थर असतो ३५ मायक्रॉनचा. तो खरवडायला ताकद किती लागणार?

हिशोब बघा. ३० अंशाचा व्ही-बिट (निमुळत्या टोकाचा कटर), टोक ०.१ मिमी, खोली ०.०८ मिमी. खाच साधारण ०.१४ मिमी रुंद पडायला हवी. आता स्पिंडलचा रनआउट तेवढाच, म्हणजे ०.१४ असेल, तर टोक एका जागी फिरण्याऐवजी रिंगण घालतं आणि खाच दुप्पट रुंद होते. जिथे दोन खाचांमध्ये ०.३ मिमीचा ट्रॅक ठेवला होता, तिथे दोन्ही बाजूंनी कुरतडून अर्धाच उरतो, आणि तोही सुटून येतो. तुम्हाला वाटतं बिट खराब आहे. मी असे पंधराएक बिट टाकून दिले. मग कळलं की दोष एक्स्टेंशनचा होता.

७७५ बरोबर जे एक्स्टेंशन येतं ते बहुतेक वेळा ग्रब स्क्रूने आवळायचं असतं. ग्रब स्क्रू एका बाजूने दाबतो आणि भोकात जेवढी मोकळीक असेल तेवढा शाफ्ट दुसऱ्या बाजूला जातो. तुम्ही जितकं घट्ट कराल तितकं ते हमखास वाकडं बसणार. ग्रब स्क्रू नसलेलं, गरम करून बसवायचं एक्स्टेंशन मिळतं. हॉट एअर गनने एक्स्टेंशन तापवायचं (मोटर नाही!) आणि शाफ्टवर एका दमात सरकवायचं. एका दमात म्हणजे खरंच एका दमात. मी अर्ध्यावर थबकले आणि ते तिथेच आवळून बसलं, अजून तसंच आहे.

आणि हो, एफआर ४ (पीसीबीचा बोर्ड) कापताना मास्क लावा. ती काचेच्या तंतूंची धूळ असते.

नवशिक्या · रविवार, सकाळी ९:४४

छान चर्चा. वाचतोय. रनआउट म्हणजे शाफ्ट वाकडा असणं, असंच ना?

सोल्डरवाली · रविवार, सकाळी ९:५०

वाकडा असेल, किंवा सरळ असून मधोमध बसलेला नसेल. कोलेटमध्ये भुश्याचा एक कण अडकला तरी होतो. म्हणून आधी कोलेट आणि आतला कोन पुसून घ्यायचा, मग मापायचं. आणि ईआर कोलेट आधी नटात 'टक्' आवाज होईपर्यंत बसवायचा, मग नट स्पिंडलवर लावायचा. निम्मे लोक कोलेट स्पिंडलमध्ये टाकून वरून नट फिरवतात.

अर्धवट सुतार · रविवार, दुपारी १:१५

ट्रिम राउटरबद्दल कुणी बोललं नाही, म्हणून माझा अनुभव.

माझ्याकडे ३०१८ पेक्षा मोठं, रेल असलेलं मशीन आहे आणि त्यावर मी दोन वर्षं मकिटा आरटी ०७०० वापरतोय. ७१० वॅट, १०,००० ते ३०,००० आरपीएम, वजन पावणेदोन-दोन किलो. थेट घरातल्या प्लगला लावता येतो. व्हीएफडी नको, पाण्याचा पंप नको. लाकूड आणि प्लायवूडला याच्याइतकं सुखाचं दुसरं काही नाही.

आता त्रास. आवाज. ३०,००० वर तो घरात चालवायचा प्रकारच नाही. मी १२,००० च्या पुढे क्वचित जातो, तरी शेजारी जिन्यात भेटले की "आज काय बनवलंत?" असं विचारतात, आणि ते कौतुकाने नसतं. दुसरं, कोलेट एक-दोनच मापांचे येतात. ३.१७५ मिमीच्या दांडीसाठी बाहेरून वेगळा कोलेट मिळवा किंवा मधली बाही घाला. बाही घातली की रनआउट वाढलाच. तिसरं म्हणजे तो हाताने चालू करायचा. जीआरबीएलला त्याचा पत्ताच नसतो. एम ५, म्हणजे थांबायची आज्ञा, आली तरी पठ्ठ्या फिरतच राहतो. मी रिले लावून घेतला, पण वेग डायलवरच ठरवावा लागतो. चौथं, कार्बन ब्रश. तासन्तास चालवलं की झिजतात.

३०१८ च्या प्लॅस्टिकच्या कॅरेजवर दोन किलो टांगायला मी धजणार नाही. पण लोक टांगतात, व्हिडिओही टाकतात.

पाढे पाठ · रविवार, संध्याकाळी ७:०२

थोडं गणित मांडतो. कंटाळा आला तर सोडून द्या.

ॲल्युमिनियम कापताना एक दातवाला ३.१७५ मिमी कटर, १०,००० आरपीएम, खोली ०.२ मिमी, फीड (कटर पुढे सरकायचा वेग) ३०० मिमी प्रतिमिनिट धरू. पूर्ण रुंदीची खाच. मिनिटाला निघणारं मटेरिअल : ३.१७५ × ०.२ × ३०० = १९० घन मिमी. म्हणजे सेकंदाला ३.२ घन मिमी. ॲल्युमिनियमचा एक घन मिमी काढायला ढोबळमानाने एक ज्यूल लागतो, छिलका बारीक असला तर थोडा जास्त. दीड-दोन ज्यूल धरा. एकूण किती झाले? पाच-सहा वॅट.

परत वाचा. पाच-सहा वॅट. तुमच्या ७७५ मध्येही याच्या कितीतरी पट ताकद आहे. दम मोटरीचा संपलेला नाही.

मग मशीन किंचाळलं का? कटरच्या कडेचा वेग ३.१४ × ३.१७५ × १०,००० म्हणजे मिनिटाला सुमारे १०० मीटर, सेकंदाला १.६६ मीटर. पाच वॅटला याने भागलं की सरासरी बल तीनेक न्यूटन येतं. एकच दात आणि तो अर्धाच फेरा कापतोय, त्यामुळे धक्का त्याच्या दुप्पट-तिप्पट धरा. आता फीडला आरपीएमने भागा. ३०० भागिले १०,००० म्हणजे एका फेऱ्यात दात फक्त ०.०३ मिमी खातो. ज्या फ्रेमला पाच-सात न्यूटनचा धक्का ०.१ मिमी मागे ढकलतो, तिथे ०.०३ चा छिलका निघणार कसा? दात कापायच्याऐवजी घासतो, घासला की तापतो, तापला की ॲल्युमिनियम चिकटतं. मग फ्रेम उसळून पुढे येते आणि एकदम ०.१५ चा घास घेते. तो तुमचा मोडलेला कटर.

म्हणून दोन किलोच्या ताणाचा आकडा महत्त्वाचा आहे. जुना लेथ यांनी गणित न करता तेच सांगितलं.

भुसकट · रविवार, संध्याकाळी ७:२५

गणित मान्य. पण ८०० वॅट म्हणजे ८०० वॅट. ४०० च्या दुप्पट टॉर्क. यात काय वाद?

पाढे पाठ · रविवार, संध्याकाळी ७:४१

वाद आहे :) टॉर्क = ९.५५ × वॅट ÷ आरपीएम.

८०० वॅट, २४,००० आरपीएम : ०.३२ न्यूटन-मीटर.
४०० वॅट, १२,००० आरपीएम : ०.३२ न्यूटन-मीटर.

व्हीएफडी स्पिंडल २४,००० च्या खाली आणली की टॉर्क तेवढाच राहतो आणि वॅट वेगाबरोबर घटतात. १२,००० वर तुमची ८०० वाली ४०० ची होते, ८,००० वर २६७ ची. आणि २४,००० वर चालवायची म्हटली तर ०.०३ चा छिलका धरूनही फीड ७२० मिमी प्रतिमिनिट लागतो, दोन दातांच्या कटरला १,४४०. ३०१८ च्या स्क्रूवर कापताना हे झेपेल? फीड कमी ठेवलात तर पुन्हा घासणं सुरू.

भुसकट · रविवार, संध्याकाळी ७:४४

हं. मी १०-१२ हजारच्या वर जातच नाही, हे खरं.

फ्यूजतार · रविवार, रात्री ११:०८

उशिरा आलो, पण व्हीएफडीचा विषय निघालाय तर माझी कर्मकथा ऐकून घ्या. एवढ्यासाठी तरी कुणाची मोटर वाचेल.

८०० वॅटची स्पिंडल आणि वेगळा घेतलेला व्हीएफडी. तारा जोडल्या, यू, व्ही, डब्ल्यू बरोबर. पंप चालू. पुस्तिका बाजूला ठेवली, कारण तिची भाषा वाचून मोटर चालण्याआधी माझंच डोकं तापलं असतं. रन दाबलं. डिस्प्लेवर ५० आलं, मोटर फिरली. घूं असा जाड आवाज. म्हटलं नवीन आहे, रुळेल. दोन मिनिटांत अंगाला हात लावला तर चटका बसला. पाणी फिरत होतं तरी! बंद करेपर्यंत तो वास आला. जळलेल्या वार्निशचा वास एकदा घेतला की माणूस विसरत नाही.

चूक माझीच. ही मोटर ४०० हर्ट्झची आहे. दोन पोलची, म्हणून ४०० × ६० = २४,००० आरपीएम. तिला २२० व्होल्ट मिळायला हवेत ते ४०० हर्ट्झला. ५० हर्ट्झला तिला त्याच प्रमाणात, म्हणजे २७-२८ व्होल्ट पुरतात. माझ्या व्हीएफडीत बेस फ्रीक्वेन्सी कारखान्यातून आली तशीच ५० होती. म्हणजे २७ च्या जागी २२० व्होल्ट, आठपट. लोखंड सॅच्युरेट झालं, करंट बेफाम वाढला, वाइंडिंग गेलं.

तर व्हीएफडी घेणाऱ्यांनी मोटर जोडायच्या आधी बेस फ्रीक्वेन्सी ४००, कमाल फ्रीक्वेन्सी ४००, पोल २, मोटरचा रेटेड करंट तिच्या पट्टीवर लिहिलाय तो आणि किमान फ्रीक्वेन्सी सव्वाशेच्या आसपास, एवढं भरून घ्या. पॅरामीटरचे क्रमांक प्रत्येक व्हीएफडीत वेगळे असतात, पुस्तिकेत बघावेच लागतात.

अजून दोन गोष्टी, जिवाशी संबंधित. स्पिंडलच्या चार पिनांच्या कनेक्टरमधली चौथी पिन अर्थची असते असं आपण धरून चालतो. मल्टिमीटर लावा. माझ्या मोटरीत ती आत कशालाच जोडलेली नव्हती. अंग थेट अर्थ करा, विशेषतः आत पाणी फिरत असताना. आणि व्हीएफडी बंद केल्यावर लगेच झाकण उघडू नका. आतल्या कपॅसिटरमध्ये तीनशेच्या आसपास डीसी व्होल्ट काही मिनिटं टिकून असतात. मोटर आणि व्हीएफडीच्या मध्ये स्विच बसवायचा मोह होतो, तोही टाळा. चालू असताना उघडला तर व्हीएफडी जाऊ शकतो.

अवांतर : मोटर उलटी फिरली तर घाबरू नका, कुठल्याही दोन तारांची अदलाबदल करा. माझा एक मित्र उलट्या कटरने अर्धा तास लाकूड जाळत होता आणि लाकडाला शिव्या देत होता.

रेघोट्या · मंगळवार, रात्री ९:३०

मंडळी, दंडवत. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याकडून डायल उसना आणला आणि दोन संध्याकाळी यातच घालवल्या. आकडे घ्या.

रनआउट, नटाखाली २० मिमीवर : ०.१४ मिमी. (सोल्डरवाली ताई, तुम्ही माझं मशीन बघून आलात की काय?) मग कोलेट काढून एक्स्टेंशनच्या आतल्या कोनाला डायल लावला : ०.०९. मग एक्स्टेंशन काढून मोटरच्या नुसत्या शाफ्टला : ०.०२. म्हणजे मोटर बिचारी निर्दोष.

दोन किलोचा ताण. डावी-उजवीकडे ०.०८ मिमी. पुढे-मागे ०.३८ मिमी. हे बघून मी काटा दोनदा तपासला.

टकटक : होते. डायल शाफ्टच्या खाली लावून मोजलं, ०.२ मिमी वर-खाली.

०.३८ कुठून येतंय?

जुना लेथ · बुधवार, सकाळी ५:५०

छान मापलंत. आता तेच माप तुकड्यांत घ्या. ताण नटालाच द्या, पण डायल एकेका जागी हलवत न्या. आधी मोटरच्या बुडाला, मग मोटर धरणाऱ्या प्लॅस्टिकच्या होल्डरला, मग एक्स कॅरेजला, शेवटी दांड्यांना. जिथे आकडा एकदम पडतो तिथे ढिलेपणा.

मला संशय आहे कॅरेजचा. तुमच्या मशीनवर १० मिमीच्या दोन दांड्या आहेत. पुढे-मागे जोर आला की कटर खाली आणि दांड्या वर, त्यामुळे सगळं कॅरेज दांड्यांभोवती मान डोलावतं. दांड्या स्वतः वाकतात त्या वेगळ्याच. साडेतीनशे मिमीच्या गाळ्यात मधोमध दोन किलो आले की दोन दांड्या मिळून ०.१ च्या जवळपास वाकतातच, ते धातूच्या हातात आहे. १२ मिमीची दांडी घेतली तर वाक निम्म्यावर येतो, कारण जाडीचा चौथा घात लागतो.

आता विचार करा. याच कॅरेजवर अडीच-तीन किलोची वॉटर कूल्ड स्पिंडल आणि पाण्याच्या दोन नळ्या. तुमची ७७५ आहे साडेतीनशे-चारशे ग्रॅमची.

रेघोट्या · गुरुवार, रात्री १०:४०

तुकड्यांत मापलं. नटाला ०.३८, होल्डरला ०.३१, कॅरेजला ०.२४, दांड्यांना ०.०९. म्हणजे दांड्या आणि कॅरेज यांच्या मध्येच ०.१५ गळतंय. कॅरेज उघडलं. आतले लिनिअर बेअरिंग प्लॅस्टिकच्या घरात हाताने फिरत होते! घर झिजून ऐसपैस झालंय. ॲल्युमिनियमचं झेड-एक्स कॅरेज मागवलं, ५२ मिमीच्या क्लॅम्पसकट.

ते येईपर्यंत स्वस्थ बसवेना. गरम करून बसवायचं एक्स्टेंशन आणलं. ताईंचा इशारा ध्यानात ठेवून श्वास रोखला आणि एका दमात सरकवलं. बसलं! रनआउट ०.०३. त्याच रात्री जुन्याच मोटरवर पीसीबी काढून बघितला. ०.२५ मिमीचे ट्रॅक एकही न उडता आले. मी तो बोर्ड भिंगाखाली ठेवून उगाच न्याहाळत बसलो होतो.

मग धीर करून ॲल्युमिनियम. एक दातवाला कटर, खोली ०.१, फीड ३००, ब्रशने थोडं स्पिरिट लावत. स्पिंडल तापत होती म्हणून मधे दोनदा थांबलो. किंचाळी नाही. चुरा नाही, खरेखुरे छिलके पडले, नखाच्या कातरणासारखे वळलेले. ब्रॅकेट झाली. कडा अजून खडबडीत आहे, पण ब्रॅकेट झाली.

फ्यूजतार · गुरुवार, रात्री १०:५८

अभिनंदन! फक्त स्पिरिट आणि ब्रशवाली मोटर एकत्र वापरू नका. ७७५ चे ब्रश ठिणग्या टाकतात आणि स्पिरिटच्या वाफा पेटतात. थेंबभर कटिंग ऑइल लावा, नाहीतर कोरडंच कापा आणि हवेने छिलके उडवा.

रेघोट्या · गुरुवार, रात्री ११:०३

बाप रे. हे डोक्यातच आलं नाही. बाटली उचलून ठेवली.

नवशिक्या · शुक्रवार, सकाळी ८:१५

मग आता मोटर घ्यायची गरजच नाही का?

रेघोट्या · शुक्रवार, सकाळी ८:४०

आहे. एक्स्टेंशनने डगमग गेली, पण ती ०.२ ची टकटक मोटरच्या आतलीच आहे. व्ही-बिट ०.०८ खोल जायचा असतो आणि शाफ्टच ०.२ वर-खाली होतो, मग खोली मशीन ठरवत नाही, नशीब ठरवतं. कटरला बाजूचा जोर बसतो तोही त्या छोट्या बेअरिंगवर आणि वर लटकलेल्या एक्स्टेंशनवर. मला असा शाफ्ट हवाय ज्यात ईआर ११ चा कोन शाफ्टलाच कोरलेला आहे आणि खाली-वर नीट बेअरिंग आहेत. त्या हिशोबाने ४८ व्होल्ट ४०० वॅट ब्रशलेस ठरवतोय. ५०० वॅट ब्रशवालीसुद्धा चालली असती, पण ब्रशचा आवाज आणि झीज नको. त्या मोटरीसाठी क्लॅम्पचं माप वेगळं लागलं तर फक्त क्लॅम्प बदलीन.

फ्यूजतार · शुक्रवार, सकाळी ९:०२

उत्तम. पॉवर सप्लायकडे लक्ष द्या. तुमच्या मशीनचा ॲडॉप्टर २४ व्होल्ट, पाचेक अँपिअरचा, म्हणजे सगळं मिळून १२० वॅट, त्यातच तीन स्टेपर. ४०० वॅटला ४८ व्होल्टचा वेगळा सप्लाय हवा. तो कंट्रोलरच्या स्पिंडल टर्मिनलला चुकूनही लावू नका. तिथून फक्त पीडब्ल्यूएम (वेग किती हवा ते सांगणारा) सिग्नल घ्यायचा आणि तो ब्रशलेस ड्रायव्हरला द्यायचा. आधी मल्टिमीटरने बघा. काही बोर्डांवर ते टर्मिनल २४ व्होल्टचंच पीडब्ल्यूएम देतं आणि ड्रायव्हरला हवा असतो ५ व्होल्टचा. दोन्हीचे ग्राउंड एक करा.

रेघोट्या · साडेतीन आठवड्यांनी, रविवार, रात्री ९:१५

धागा वर काढतोय, कारण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

ॲल्युमिनियम कॅरेज आणि ब्रशलेस दोन्ही बसलं. रनआउट ०.०२, टकटक शून्य (डायलवर तरी दिसत नाही). पुढे-मागे दोन किलोला ०.१७. दांड्यांचा वाटा आहे तसाच आहे, पुढेमागे १२ मिमीच्या टाकीन.

अडचणी आल्याच. पहिल्या दिवशी एम ३ एस ६०००, म्हणजे ६,००० आरपीएमने फिरायची आज्ञा, दिली तर मोटर पूर्ण वेगात सुटली. जीआरबीएलमध्ये डॉलर ३० म्हणजे कमाल वेग अजून १,००० च होता, त्यामुळे त्याच्या दृष्टीने ६,००० म्हणजे 'असेल नसेल तेवढा'. ते १२,००० केलं. डॉलर ३२, म्हणजे लेझर मोड, मागे कधीतरी चालू करून ठेवला होता, तो शून्य केला. एम ३ नंतर जी ४ पी ४ घालतो, म्हणजे वेग पकडायला चार सेकंद मिळतात. नाहीतर कटर अर्धवट फिरतानाच लाकडात शिरायचा.

दुसऱ्या दिवशी दर दहा मिनिटांनी यूएसबी तुटायला लागली. एकदा मधेच लिमिट स्विच लागल्याचा अलार्म आला, स्विच तर कुठेच दबलेला नव्हता. कारण शोधायला रात्र गेली. मोटरच्या तीन तारा मी लिमिट स्विचच्या तारांबरोबर एकाच जाळीत, छान केबल टाय लावून, सुबक बांधल्या होत्या. सुबकपणा सोडला, तारा वेगवेगळ्या बाजूंनी नेल्या, मोटरच्या तारेला शील्ड घालून ती ड्रायव्हरच्या बाजूला अर्थ केली. तेव्हापासून एकदाही तुटली नाही.

तिसरं, नवी मोटर जड आहे. झेड वर उचलताना स्टेप चुकत होत्या, दर उचलीला जरा जरा खाली राहायचा. डॉलर ११२ आणि डॉलर १२२, म्हणजे झेडचा कमाल वेग आणि ॲक्सिलरेशन, दोन्ही निम्मे केले. वेळ थोडा जास्त लागतो, पण खोली बरोबर येते.

ॲल्युमिनियम आता खोली ०.२ ला कापतो. ती पहिली ब्रॅकेट पुन्हा काढली. दोन्ही शेजारी ठेवून फोटो टाकतो उद्या, प्रकाश चांगला असताना.

जुना लेथ · सोमवार, सकाळी ६:००

फोटोत कड जवळून घ्या. दातांमधलं अंतर मोजता आलं तर अजून काय डोलतंय ते सांगता येईल.

अर्धवट सुतार · सोमवार, सकाळी १०:२०

आवाज कसा आहे? शेजारी काय म्हणतात?

रेघोट्या · सोमवार, सकाळी १०:३५

लाकडावर बाजूच्या खोलीत ऐकूच येत नाही. ॲल्युमिनियमला कटरचाच आवाज येतो, मोटरचा नाही.

भुसकट · सोमवार, रात्री ११:५०

रेघोट्या, तो डायल अजून तुमच्याकडेच आहे का? चार दिवस उसना मिळेल? माझी ८०० वाली कधी मोजलीच नाही. आज सहज नटाला धरून पुढे-मागे हलवून बघितलं, आणि आता झोप येत नाहीये.